स्पेशल बीएडला अ‍ॅडमिशन घेताय? आधी हे बघा

स्पेशल बीएड म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायची बीएड. सगळ्यात आधी आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता बघ, बाकी सगळं नंतर. आणि ती नुसती कॉलेजला नाही, तू घेतोयस त्याच कोर्सला आणि त्याच वर्षासाठी आहे का ते परिषदेच्या साइटवर स्वतः तपास, ऑफिसातल्या माणसाच्या 'हो हो आहे'वर जाऊ नकोस, कारण ती नसेल तर पुढे सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला तुझा नोंदणी क्रमांक, मिळत नाही आणि नंबर नाही तर २ वर्षं पाण्यात.

नवीन पोरं हमखास चुकतात ते:
- सीट मिळतेय म्हणून श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता यातलं कुठलंही स्पेशलायझेशन घेतात. आधी आठवडाभर एखाद्या विशेष शाळेत बसून ये रे.
- प्रॅक्टिकल कुठल्या शाळेत होतं हे विचारतच नाहीत.

श्रवणदोष घ्यायचं ठरलं तर वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था बघच.