ग्राहकांच्या बहिष्काराने समाजात खरंच बदल होतो का?

होतो, पण मागणी नेमकी हवी आणि लोकांकडे दुसरी सोय हवी. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत बसमध्ये गोऱ्यांपासून वेगळं बसवण्याच्या नियमाविरुद्ध डिसेंबर 1955 पासून कृष्णवर्णीयांनी शहर बस वापरणं सोडलं, तब्बल 381 दिवस. रोज कामावर जायचं कसं? त्यांनी आपापल्या गाड्यांतून सामायिक प्रवासाची व्यवस्था लावली, बाकीचे पायी गेले. बस कंपनीचा गल्ला आटला. तरी वेगळ्या आसनांचा नियम शेवटी न्यायालयानेच रद्द केला, हे बऱ्याचदा विसरलं जातं. बहिष्काराने एकजूट आणि दबाव दिला, कायदा खटल्याने बदलला.

आपल्याकडे सोलापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक माल घेऊ नका' असे निरोप येतात आणि चार दिवसांत विरतात, कारण मागणी कुणाकडे, काय, हे ठरलेलंच नसतं. त्यापेक्षा बाहेरून येणारी नकली 'सोलापुरी' चादर नाकारणं सोपं आहे. खऱ्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती इथेच विणली जाते, म्हणजे पर्याय हाताशी आहे.

विडीचं मात्र तसं नाही. ती वळणाऱ्या हजारो बायका आपल्याच शहरात राहतात. विडीवर बहिष्कार घालायचा तर त्यांना दुसरं काम कोण देणार, हे आधी ठरवा. नाहीतर पहिली मजुरी त्यांचीच बुडेल, मालकाची नाही.