पट्टीतली तूर

प्रश्न : ताई, उदगीरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी हिशेब बघतो. जुन्या ॲपमधून शेतकऱ्यांच्या पट्ट्या उतरवून घेतल्या, तर मराठीच्या जागी नुसते आकडे! मालाच्या रकान्यात ‘\यू०९२४\यू०९४२\यू०९३०’ असं आहे. मित्र म्हणतो, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं ‘इव्हॅल’ लाव. लावू का?

उत्तर : नको दादा, इव्हॅलला हात लावू नका. ते मजकूर नुसता वाचत नाही, चालवतं. शेऱ्याच्या रकान्यात कुणी फाइली पुसायचा हुकूम लिहिला असेल, तर तोही पाळला जाईल.

तुमचं मराठी कुठं गेलेलं नाही. ०९२४ म्हणजे त, ०९४२ म्हणजे दीर्घ ऊकार, ०९३० म्हणजे र. ती तूर आहे! युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी. तिच्यात ०९०० पासून देवनागरीला १२८ घरं दिलेली आहेत, हे त्या घरांचे क्रमांक. पायथॉन जेसन (माहिती मजकुराच्या रूपात साठवायची एक पद्धत) लिहितं तेव्हा ‘एन्शुअर आस्की’, म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं ठेवायची सोय, आपोआप चालू असतं, त्यामुळं असे क्रमांक पडतात.

अख्खी फाइल जेसन असेल तर ‘जेसन डॉट लोड’नं वाचा, एवढंच पुरे. शेऱ्यातल्या हसऱ्या चेहऱ्याचे (इमोजीचे) असे दोन क्रमांकी तुकडे झालेले असतात, तेही ते जोडून देतं.

खरी अडचण सरमिसळ मजकुराची, म्हणजे काही क्रमांकात, काही सरळ मराठीत. लातूरच्या एका बियाण्यांच्या दुकानाची यादी मी ‘युनिकोड एस्केप’ या कोडेकमधून (बाइटांची अक्षरं करणाऱ्या सोयीतून) काढली होती. क्रमांकातली नावं सुधारली, पण आधीच सरळ मराठीत असलेली बिघडली. एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं, पहिलं दर वेळी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए. हा कोडेक उरलेले बाइट लॅटिन-१ (दर बाइटाला एक चिन्ह मानणारी जुनी पद्धत) धरून वाचतो, म्हणून तसं झालं. शेतकऱ्याचं नाव असं विद्रूप झालेलं बघून फार वाईट वाटलं. मूळ फाइल जपलेली होती म्हणून निभावलं.

अशा वेळी रेग्युलर एक्स्प्रेशननं (मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या सोयीनं) फक्त ‘\यू’ आणि त्यापुढचे चार षोडशमान अंक (० ते ९ आणि रोमन ए ते एफ) शोधा. ‘इंट’ला पाया १६ देऊन त्यांची संख्या करा, ‘सीएचआर’नं अक्षर करा. बाकी मजकुराला धक्का लागत नाही. फाइलीच्या पत्त्यातलं ‘\यूझर्स’सुद्धा तसंच राहतं, कारण यूनंतर येणारा एस षोडशमान अंक नाही.

नवी फाइल वेगळ्या नावानं, एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगून साठवा. जेसनच लिहायचं असेल तर एन्शुअर आस्की बंद करा. मग दहा-बारा पट्ट्या दुकानातल्या कागदी पट्ट्यांशी ताडून बघा, आधी नावं, मग माल.