मुलीला राग आणि रडू आवरत नाही. कोणती थेरपी उपयोगी पडेल?

पंधरा वर्षांची मुलगी क्षुल्लक कारणावरून भडकते, मग तासन्‌तास रडते आणि शाळेतल्या समुपदेशकाकडे जाऊनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. अशा वेळी केवळ मन मोकळे करून घेणाऱ्या समुपदेशनापेक्षा भावना हाताळण्याची कौशल्ये शिकवून त्यांचा सराव करून घेणारी पद्धत शोधावी. डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, ही त्यांपैकी चांगली अभ्यासली गेलेली पद्धत आहे, विशेषतः मूल स्वतःला इजा करून घेत असेल तेव्हा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ती मुळात प्रौढांसाठी विकसित केली. किशोरवयीनांसाठीच्या तिच्या रूपात पालकही कौशल्यवर्गात बसतात, आणि माझ्या मते घरातला खरा फरक तिथूनच सुरू होतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे पाहावे आणि पहिल्याच भेटीत विचारावे की दर आठवड्याला गृहपाठ असतो का, पालकांना काय शिकवले जाते आणि प्रगती कशी मोजली जाते. ‘आम्ही डीबीटी करतो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) नाही ना, याची तपासणी मानसोपचारतज्ज्ञांकडून करून घ्यावी. मरणाची भाषा किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्यास मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.