लायब्ररीतली ३१७ पुस्तकं कुठे गेली?

आपल्याच वडोदऱ्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र बरंच मोठं आहे, मी थोडक्यात देते:

"माई, मी इथल्या एका ट्रस्टच्या गुजराती माध्यमाच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं लायब्रेरियन आहे. येत्या मे महिन्यात रिटायर होतेय. चार्ज द्यायचा म्हणून मोजणी झाली आणि ३१७ पुस्तकं कमी भरली. ऑफिसमधून सांगितलं की किंमत तुमच्या शेवटच्या हिशेबातून वळती करू. लायब्ररीच्या खोलीत आता स्मार्ट क्लास होणार आहे आणि पुस्तकं स्टोअररूममध्ये जाणार. स्टाफरूममध्ये एक सर हसत म्हणाले, बेन, तमारे तो शांतिनी नोकरी हती, पेपर तपासवाना नहीं. मुलगा म्हणतो, आई पैसे भरून टाक आणि मोकळी हो. मला रात्र रात्र झोप नाही. मी शिक्षिका नव्हते, माझ्या हाताखालून कुणी बोर्डात आला असं मला सांगता येत नाही. मग मी ३१ वर्षं केलं तरी काय? नुसती पुस्तकं सांभाळली, आणि तीही धड नाही?"

ताई, सगळ्यात आधी एक सांगते, पैसे भरू नका. मुलगा काळजीपोटी बोलतोय हे मला कळतंय, पण पैसे भरले की कागदावर असं उरेल की पुस्तकं तुमच्या हलगर्जीपणामुळे गेली, आणि तसं झालेलं नाही हे तुमच्याच पत्रात चार ठिकाणी दिसतंय.

आता जरा हिशेब करू, कारण तुम्हाला झोप लागायची तर नुसत्या धीराच्या शब्दांनी लागणार नाही, आकड्यांनी लागेल. केंद्र सरकारचे जनरल फायनान्शियल रूल्स आहेत, २०१७ चे, त्यातला २१५ नंबरचा नियम लायब्रऱ्यांचा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी धरायचं, फक्त त्यात कुणाची लबाडी किंवा निष्काळजीपणा नको, आणि हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायची. तुम्ही लिहिता की तिसरी ते पाचवीची साडेतीनशे मुलं आठवड्याला एक पुस्तक न्यायची. वर्षाचे तीस आठवडे धरले तरी दहा हजारांच्या वर इश्यू होतात. आपण घासाघीस करून निम्मेच धरू, पाच हजार. म्हणजे वर्षाला पंचवीस पुस्तकं हरवणं हे खुद्द सरकारच्या नियमाने वाजवी. करोनाची दोन वर्षं सोडली तर २९ वर्षांची झाली ७२५. तुमची कमी भरली ३१७. निम्म्याहूनही कमी! आणि तीही बहुतेक चाळीस-पन्नास रुपयांची पातळ चित्रांची पुस्तकं.

हा नियम सरकारी ऑफिसांसाठी आहे, तुमच्या ट्रस्टला बंधनकारक नाही, हे ते लगेच म्हणतील. म्हणू देत. मग तुमचा ट्रस्ट कुठल्या नियमाने कापतोय तो लेखी नियम त्यांनी दाखवावा, आणि तो तुम्हाला आधी कधी दिला होता तेही. त्याच २१५ मध्ये असंही आहे की वीस हजारांपर्यंत पुस्तकं असलेल्या लायब्ररीची पूर्ण मोजणी दर वर्षी व्हायला हवी. तुमच्याकडे अडीच हजार पुस्तकं, आणि तुम्ही लिहिता की याआधीची मोजणी २०११ ला झाली. इतकी वर्षं कुणी मोजायला आलं नाही आणि आता सगळं एकदम तुमच्या डोक्यावर, हे कसं चालेल? ग्रॅच्युइटीबद्दल पण एका लेबरच्या वकिलाला विचारून घ्या, नुकसान केलं म्हणून नोकरीवरून काढलं असेल तर त्यातून नुकसानभरपाई कापता येते, वय झालं म्हणून सन्मानाने रिटायर होणाऱ्या माणसाच्या ग्रॅच्युइटीला असा हात लावता येत नाही.

आणि पुराचं काय? तुम्ही ते पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा तुमच्या तळमजल्यावरच्या खोलीतले खालचे दोन खण चिखलात गेले, शिपायाने ती पुस्तकं घमेल्यात भरून बाहेर टाकली आणि शाळा परत सुरू करायच्या धांदलीत कुणी ती रजिस्टरमधून कमी केली नाहीत. त्या दोन खणांत काय होतं हे तुम्हाला तोंडपाठ असणार. एक्सेशन रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन नोंद केलेली वही, घेऊन बसा, ते नंबर काढा, त्या दिवसांतले फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाकडे ना कुणाकडे असतीलच ते मागून घ्या. मग जी वाचून वाचून फाटली, पिन गंजून पानं सुटली आणि तुम्ही गोंद-पट्टी करून करून थकलात ती वेगळी काढा, ती बाद करायची असतात, हरवलेली नव्हेत. एवढं केलंत की ३१७ चा आकडा बराच खाली येईल बघा.

मला या मोजणीचा राग का येतो ते सांगते. आपल्याकडे कित्येक शाळांत लायब्ररी म्हणजे एक काचेचं कपाट, आत करकरीत पुस्तकं आणि चावी हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये, कारण हरवलं तर पगारातून कापतील ही भीती. तिथे मोजणी दर वेळी बरोबर येते आणि मुलांना पुस्तक मिळत नाही. तुम्ही कुलूप लावलं नाहीत, तुम्ही दिवाळीच्या वेकेशनला मुलांना दोन दोन पुस्तकं घरी नेऊ दिलीत, त्यातली काही कुणाच्या मामाच्या गावाला राहिली, काही धाकट्या बहिणीने फाडली. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी, ज्यांच्या जन्मदिवशी १२ ऑगस्टला आपण लायब्रेरियन डे करतो, १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. सांभाळण्यासाठी नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मी केलं काय. ताई, तुमच्या पत्रात तिसरीतल्या एका मुलाबद्दल चारच ओळी आहेत. तो अख्खं वर्ष दर आठवड्याला, बेन, पेली गाडीओवाळी चोपडी आपो ने (ते गाड्यांचं पुस्तक द्या ना), म्हणत तेच एक ट्रक आणि इंजिनांचं पुस्तक न्यायचा, वर्गशिक्षिका चिडल्या की याला दुसरं काही द्या, आणि तुम्ही देत राहिलात. तुम्ही हे असं लिहिलंय जणू काही विशेष नाही. मी दोनदा वाचलं ते. अक्षर अक्षर जोडत वाचणारं मूल जेव्हा तेच पुस्तक विसाव्यांदा वाचतं तेव्हा शब्द ओळखायला त्याला थांबावं लागत नाही, मग त्याचं लक्ष अर्थाकडे जायला मोकळं होतं, वाचनाला वेग असाच येतो. वर्गात त्याला ही मुभा नसते, तिथे धडा पुढे सरकतो. ती मुभा त्याला अख्ख्या शाळेत एकाच खोलीत होती आणि ती तुम्ही दिलीत, कुणाचा राग ओढवून.

दुसरी गोष्ट ती टिकल्यांची. सोप्या पुस्तकांवर लाल, मधल्यांवर पिवळी, अवघडांवर हिरवी अशा टिकल्या लावायची सूचना वरून आली, तुम्ही लावल्या, आणि महिनाभरात मुलं एकमेकांना लाल टिकलीवाला म्हणून चिडवायला लागली तशा एका शनिवारी बसून सगळ्या खरवडून काढल्यात. मग ती माहिती तुम्ही आपल्या डोक्यात ठेवलीत, की या मुलीला अजून मोठ्या अक्षरांचं लागतं, त्याला चित्रं असलेलं द्यायचं, आणि कुणाला कळू न देता बरोबर ते पुस्तक पुढे सरकवत राहिलात. साडेतीनशे मुलांचं हे डोक्यात ठेवणं ही शांतीची नोकरी? त्या सरांनी एक आठवडा करून बघावी. त्यांचा पेपर तपासून संपतो तरी. आणि ज्या दिवशी कुणी शिक्षक रजेवर असेल त्या दिवशी लायब्ररीचा तास प्रॉक्सीला, म्हणजे त्यांच्या बदली वर्ग सांभाळण्यात, जायचा, हेही तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तुमचं काम कुणीही कधीही बाजूला सारावं असं धरलं गेलं, आणि असं तीस-तीस वर्षं होत राहिलं की माणसाला स्वतःलाच ते कमी वाटायला लागतं. तुमचं तसंच झालंय असं मला वाटतं.

आणि तो मराठी पुस्तकांचा खण! आपल्या घरांमधली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती शिकतात, आणि मराठी वाचायची वेळ येते ती फक्त लग्नपत्रिका किंवा आरतीच्या पुस्तकात. तुम्ही दादरला बहिणीकडे जाताना दर वेळी पदरच्या पैशाने चार मराठी पुस्तकं आणून तो खण भरलात. ती पुस्तकं एक्सेशन रजिस्टरला चढवलीत ना? भेट म्हणून चढली असतील तर त्यांचे नंबर पण अर्जात लिहा, तुमच्याकडून किती आलं हेही ट्रस्टला दिसू दे.

बोर्डात कुणी आलं नाही म्हणता. बोर्डात येतो त्याच्या यशात दहा जण वाटेकरी असतात. पण नऊ वर्षांचं एक मूल कुणी सांगितलं नाही, मार्क नाहीत, तरी रिसेसमध्ये स्वतःच्या पायाने पुस्तकांकडे येतं, हे कुठल्या निकालपत्रात लिहायची सोय नाही म्हणून ते घडलंच नाही असं नाही ना. ज्या शहरात आपण राहतो तिथे हे शंभर वर्षांपूर्वी लोकांना कळत होतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मग लक्षात आलं की शाळा सुटल्यावर हाताशी पुस्तक नसेल तर शिकलेलं वाचन विसरायला होतं. म्हणून १९१० ला अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं, सेंट्रल लायब्ररी उभी राहिली, वाचकाने स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक निवडायचं ही पद्धत आली, आणि गावोगावी लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं गेली.

पेट्यांवरून आठवलं, पुस्तकं स्टोअररूममध्ये जाऊ द्यायची नाहीत. स्टोअरमध्ये गेली की एका पावसाळ्यात वाळवी आणि कसर, मग रद्दीवाला. स्मार्ट क्लास थांबवायला आता जाऊ नका, ती खोली गेली असं समजा, त्यात तुमची ताकद फुकट जाईल. त्याऐवजी ट्रस्टींना एक पानाचा प्रस्ताव द्या की प्रत्येक वर्गात तीस पुस्तकांची एक पेटी ठेवायची, महिन्याने ती पुढच्या वर्गात जाईल, पाचवीतली दोन मुलं वहीत नोंद ठेवतील. खर्च जवळपास नाही. आणि सयाजीरावांच्या पेट्यांचा दाखला द्या, वडोदऱ्यात त्या नावाला कुणी नाही म्हणत नाही. पेट्या भरायचं काम मात्र तुम्ही स्वतः करा, जायच्या आधी, कारण कुठली पुस्तकं एकत्र ठेवली की मुलं ओढली जातात हे तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. भुतांचं एक तरी हवं, विनोदाचं हवं, आणि ते गाड्यांचं. प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा, वाचायला कंटाळणाऱ्या मुलाला यातलं आधी कुठलं द्यायचं, तुमच्या अक्षरात, गुजरातीत. शिक्षिका नवीन आल्या तरी त्यांना तेवढं पुरेल.

रिटायर झाल्यावर घरी लायब्ररी काढू का असंही विचारलंत. लगेच नको. सगळे सांगतील की बिझी राहा, मन रमव, पण मला हे दर वेळचं बिझी राहा पटत नाही, आत्ता तुम्ही दुखावलेल्या आहात आणि काहीतरी सिद्ध करायला म्हणून काढलेली लायब्ररी तुम्हालाच थकवेल. पावसाळा जाऊ दे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा, या वेळी वाचक म्हणून, मोठ्यांची जाड पुस्तकं घेऊन या, ३१ वर्षं पातळ पुस्तकंच हाताळलीत. दिवाळीनंतर सोसायटीतल्या मुलांना गोष्टी सांगाव्याशा वाटल्या तर सांगा, नाही वाटल्या तरी काही बिघडत नाही.

आता लगेच करायचं ते. चार्ज लिस्टवर नुसती सही करू नका. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा की तुटीबाबतचा माझा खुलासा सोबत जोडला आहे आणि वसुली मला मान्य नाही. खुलाशात पुराची यादी, फाटलेल्यांची यादी, वर्षाचे इश्यू आणि २१५ चा हिशेब, आणि २०११ नंतर मोजणी झाली नाही हे एक वाक्य. झेरॉक्सवर ऑफिसचा इनवर्ड नंबर आणि शिक्का घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ऑफिसात जाताना मुलाला बरोबर न्या, पैसे भरून टाक म्हणणाऱ्यानेच तो हिशेब वाचून दाखवला तर फार बरं होईल. आणि इश्यू रजिस्टरं बघून आकडे काढताना अडलात तर पानांचे फोटो मला पाठवा, आपण दोघी मिळून बेरीज करू.