कोल्हापुरात कंपाउंडच्या भिंतीला आणि गेटच्या कमानीला कोणता वेली गुलाब लावावा? क्लाइम्बर की रॅम्बलर?

क्लाइम्बर, म्हणजे जाड, ताठ फांद्यांचा, पुन्हा पुन्हा फुलणारा वेली गुलाब. रॅम्बलरच्या फांद्या बारीक, लवचीक आणि पंधरा-वीस फूट पळणाऱ्या. फुलं लहान, घोसांनी येतात, पण बहुतेक जातींना वर्षातून एकदाच आणि तीही आदल्या वर्षीच्या फांदीवर. त्यातल्या बऱ्याच जाती थंड मुलखातल्या. आपल्या सौम्य हिवाळ्यात त्या पाला उदंड करतात आणि फुलांच्या नावानं चांगभलं.

भिंतीसाठी 'क्लाइम्बिंग आइसबर्ग' (1968) घ्या. पांढरा, काटे कमी, पुन्हा पुन्हा बहरणारा. लाल हवा असेल तर 'कॉकटेल' (1957): एकेरी पाकळ्या, मध्ये पिवळा डोळा, वाढ बेताची, त्यामुळं सहा फुटी भिंतीला पुरतो. कमानीखालून माणसं जाणार, म्हणून बरेच जण बिनकाट्याचा 'झेफिरिन ड्रुहँ' (1868) शोधतात. वास सुंदर, पण त्याला काळ्या ठिपक्यांचा रोग पटकन लागतो आणि आपल्या पावसात पानं गळून नुसत्या काड्या उरतात. कमानीलाही आइसबर्गच बरा. वर मांडव असेल तर मात्र 'मारेशाल नील' (1864) लावा. फिकट पिवळी, सुवासिक फुलं माना खाली घालतात, त्यामुळं ती खालूनच बघायची. युरोपात थंडीमुळं त्याला काचघरात जपत. इथं ती अडचण नाही.

जागा पूर्वेची, सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळणारी. पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये तापते आणि लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) वाढतो. भिंतीपासून दीड फूट सोडून 2×2×2 फुटांचा खड्डा घ्या. नदीकाठची काळी माती असेल तर एक तृतीयांश मुरूम किंवा जाड वाळू आणि तेवढंच कुजलेलं शेणखत मिसळा. नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतात. कलमाचा डोळा, म्हणजे खालचा खुंट आणि वरची जात जिथं जोडली आहे ती जागा, मातीच्या वर राहू द्या. त्याच्या खालून फुटलेला प्रत्येक फुटवा मुळापासून ओढून काढा. 'सात पानांचा तो गावठी (खुंटाचा) फुटवा' हा ठोकताळा इथं वापरू नका, वेली गुलाबाला स्वतःलाही सात पानं येतात.

फुलांचं खरं गणित बांधणीत आहे. फांदी सरळ वर गेली की शेंड्यालाच चार फुलं येतात. तीच आडवी बांधली की शेंड्याचा जोर मोडतो आणि जवळपास प्रत्येक डोळ्यातून (फांदीवरच्या कोंबातून) फूलफांदी निघते. म्हणून भिंतीला दीड-दीड फुटांवर गंजरोधक तारेच्या आडव्या ओळी घ्या, तार भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा आणि कोवळ्या असतानाच फांद्या सुतळीनं सैल बांधा. जून झालेली फांदी वाकवायला गेलात तर बुडातून फाटते. कमानीवर फांद्या खांबाभोवती गुंडाळत न्या.

नावामागं 'क्लाइम्बिंग' असलेले बहुतेक गुलाब झुडपी जातीला अचानक फुटलेल्या वेली फांदीपासून आलेले असतात. पहिली दोन वर्षं जोरात छाटलंत तर रोप पुन्हा झुडूप होऊ शकतं, तेव्हा फक्त वाळकं काढा. तिसऱ्या वर्षापासून पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्ये मुख्य फांद्या ठेवून बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणा आणि जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर शेंडेमर, म्हणजे शेंड्याकडून फांदी वाळत येण्याचा रोग, खाली उतरते. उन्हाळ्यात बुडाशी उसाचं पाचट अंथरा, पण खोडाला चिकटवू नका आणि जूनच्या आत काढून टाका.