गोठा, खुराडं आणि मांडव : मृगाआधी आलेले चार प्रश्न

प्रश्न : गेल्या वर्षी पहिला पाऊस पडून गवत उगवलं आणि आठवडाभरात आमचे दोन बोकड गेले. दोन्ही धष्टपुष्ट होते, सकाळी चांगले चरले आणि संध्याकाळी मरून पडले. कुणी विष घातलं असेल का? (वाचक, ता. पारनेर)

उत्तर : विषाचा संशय साहजिक आहे, पण पहिल्या पावसानंतर, कोवळ्या गवतावर आणि कळपातली सगळ्यात धडधाकट जनावरं एकाएकी गेली, तर आधी आंत्रविषाराचा विचार करावा. या रोगाचे जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडे असतातच. महिनोन् महिने कडबा-भुसकटावर असलेल्या शेळीला अचानक लुसलुशीत गवत किंवा भरपूर मका मिळाला, की तो पोटात नीट न पचता पुढे सरकतो. आतड्यात या जंतूंची एकदम वाढ होते आणि त्यांचं विष रक्तात उतरतं. जो जास्त खातो तो आधी जातो, म्हणून खुराकावरचे बोकड बळी पडतात. मान मागे टाकणं, दात खाणं, पाय झाडणं, पातळ हगवण अशी लक्षणं दिसली तरी हातात काही तासच उरतात. त्यामुळे उपचारापेक्षा लसीवरच भिस्त ठेवावी लागते.

लस आत्ताच, वैशाखात टोचा. आधी कधीच टोचली नसेल तर दोन मात्रा लागतात. पहिलीनंतर साधारण पंधरा दिवसांनी दुसरी, आणि खरं संरक्षण दुसरीनंतर आठ-दहा दिवसांनी मिळतं. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, तो धरून उलटा हिशेब केला तर पहिली मात्रा मेच्या पहिल्या आठवड्यातच पडायला हवी. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी एक मात्रा पुरते. गाभण शेळीला विण्याआधी महिनाभर टोचली तर चिकातून करडांनाही संरक्षण मिळतं. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. दवाखान्यातून आणताना ती थर्मासमध्ये बर्फासोबत आणा, पण गोठू देऊ नका. खिशात घालून उन्हातून आणलेली लस टोचून काहीच उपयोग होत नाही, आणि मग लोक लसीला दोष देतात.

लस टोचली तरी चाऱ्यातला बदल हळूहळूच करा. पहिले दहा दिवस तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट देऊन पोट अर्धं भरल्यावरच शेळ्या सोडा, त्याही दव उतरल्यावर. पहिल्या दिवशी एक तास चारा, मग रोज थोडा वेळ वाढवा. ओल्या गवताच्या शेंड्यांवर सकाळी जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात, त्यासाठीही उशिरा सोडणं बरं.

मेल्यावर पोट फुगलेलं दिसलं म्हणून पोटफुगीनेच गेला असं समजू नका. मेलेलं कुठलंही जनावर फुगतं. जिवंतपणी डावी भकाळ, म्हणजे बरगड्यांमागची कूस, ढोलासारखी ताणली होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. शवविच्छेदन काही तासांच्या आतच व्हायला हवं, पण नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त येत असेल तर प्रेताला सुरी लावू नका. ती काळपुळी असू शकते आणि तो रोग माणसालाही होतो.

प्रश्न : भाताचा पेंढा भरपूर आहे, पण गाय तो निम्मा वाया घालवते. युरियाची प्रक्रिया घरी करता येईल का? जनावराला विषबाधा होईल अशी भीती वाटते. (वाचक, ता. इगतपुरी)

उत्तर : करता येते, पण माप चुकता कामा नये. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. पक्क्या जमिनीवर किंवा ताडपत्रीवर पेंढ्याचा वीतभर थर द्या, झारीने सारखं शिंपडा, पायांनी तुडवून हवा काढा, मग त्यावर पुढचा थर. शेवटी प्लास्टिकने झाकून कडांवर माती दाबा आणि २१ दिवस उघडू नका. पेंढा मऊ करतो तो युरियातून सुटणारा अमोनिया वायू, आणि हवा आत गेली की तो उडून जातो आणि पेंढ्याला बुरशी धरते. हे काम पाऊस सुरू व्हायच्या आतच उरकावं.

उघडल्यावर पेंढा पिवळसर तपकिरी आणि मऊ दिसायला हवा. रोज लागेल तेवढाच काढा आणि डोळ्यांना झोंबणारा वास जाईपर्यंत पसरून ठेवा. काळा पडलेला, बुरशीचा भाग उकिरड्यावर टाका. पहिल्या दिवशी नेहमीच्या चाऱ्यात मूठभर मिसळा आणि आठवड्याभरात प्रमाण वाढवत न्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा अजिबात नको.

तुमची भीती रास्त आहे, फक्त धोका पेंढ्यापेक्षा बादलीत आहे. युरिया विरघळवलेलं पाणी तसंच राहिलं आणि तहानलेल्या गाईने त्यात तोंड घातलं, तर ती दगावू शकते. द्रावण तयार झालं की तिथून हलू नका आणि बादली लगेच धुऊन ठेवा.

प्रश्न : श्रावणात दरवर्षी कोंबडीची पिल्लं पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसतं आणि रोज दोन-तीन मरतात. (वाचक, ता. दापोली)

उत्तर : ही रक्ती हगवण, आणि तिचं मूळ खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसात आहे. विष्ठेतून पडलेले सूक्ष्म परजीवी उबेत आणि ओलीत एक-दोन दिवसांतच लागण करण्याजोगे होतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना याचा सगळ्यात जास्त त्रास. तूस मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, अलगद सुटला तर ठीक. तूस रोज खालीवर करा आणि पाण्याच्या भांड्याभोवतालचं ओलं तूस त्याच दिवशी बदला. भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवलं की सांडासांड निम्म्याने कमी होते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून गोणपाट लावाल, ते खालून वर बांधा आणि वरचा फूटभर भाग मोकळा सोडा. पूर्ण बंद खुराड्यात अमोनिया कोंडतो आणि ओल वाढतच जाते. आजारी पिल्लं वेगळी करा. अ‍ॅम्प्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, मात्रा डॉक्टरांकडून घ्या.

प्रश्न : मांडवावर दोडक्याचा वेल भरभरून चढतो, फुलंही येतात, पण बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. वेलाला कोंबडीखत भरपूर घातलं आहे. (वाचक, ता. भोर)

उत्तर : सुरुवातीची घोसातली फुलं नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका असतो. तो पिवळा पडला तर कापून बघा. आतून स्वच्छ असेल तर परागीकरण झालेलं नाही. आत अळी असेल, फळ वाकडं असेल आणि सालीवर टोचल्याच्या जागी डिंकाचा थेंब दिसत असेल, तर ती फळमाशी.

परागीकरणासाठी वेळ महत्त्वाची. दोडक्याची फुलं सकाळी नाही, संध्याकाळी पाचच्या पुढे उमलतात. नेमका त्याच वेळी पाऊस असला की पराग धुऊन जातो आणि कीटकही फिरकत नाहीत. पाऊस थांबल्यावर ताजं नर फूल खुडून पाकळ्या काढा आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं भागतात. निंबोळी अर्क मारायचा असेल तर सकाळी मारा.

फळमाशीसाठी मांडवाच्या उंचीवर क्यू ल्युअरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा. आंब्यासाठी आणलेला मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीला चालत नाही. सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून किडलेली फळं रोज वेचून दीड-दोन फूट खोल पुरणं तितकंच गरजेचं आहे.

कोंबडीखत ताजं घातलं असेल तर त्यातल्या नत्राने वेल माजतो, पानं वाढतात आणि मादी फुलं उशिरा येतात. पुढच्या हंगामासाठी ते आताच खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर थरांनी कुजत घाला. तीन महिन्यांनी वास गेला आणि खत भुसभुशीत झालं की वेलाला ओंजळभर पुरे.