ईमेल ‘आला’ की ‘आली’?

एका वाचक ताईंनी विचारलंय: “बाबा ‘ईमेल आली’ म्हणतात, मी ‘ईमेल आला’ म्हणते. बरोबर काय?”

ताई, दोन्ही बरोबर, कारण हा शब्द मराठीत अजून नवा आहे. विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ‘ते टेबल’, ‘ती बस’ यांवर आज कुणी वाद घालत नाही. ‘ईमेल’ घरात येऊन तेवढा काळ लोटलेला नाही.

इंग्रजीत या नामाला लिंग नाही, पण मराठीत ते दिल्याशिवाय क्रियापद पुढे सरकत नाही. ‘ईमेल येईल’ इथवर निभावतं. भूतकाळ आला की आला, आली, आलं यातलं एक निवडावंच लागतं. अशा वेळी आपण नकळत जुन्या ओळखीच्या शब्दाचा हात धरतो. तुमच्या बाबांच्या कानात ‘तार आली’, ‘चिठ्ठी आली’ असणार, शिवाय ‘पंजाब मेल सुटली’सुद्धा. तुमच्या कानात फोन, कॉल, मेसेज. तिन्ही पुल्लिंगी.

‘पोस्ट’ पाहा. ‘आज पोस्ट बंद होतं’ म्हणतो तेव्हा ते नपुंसकलिंगी, टपाल कार्यालय. फेसबुकवर मात्र आपण ‘पोस्ट टाकली’ म्हणतो. इंग्रजी शब्द तोच, मराठीत दोनदा आला आणि दोन्ही वेळा वेगळं लिंग घेऊन बसला! शिवणाच्या दोऱ्याचं ‘रीळ’ आणि इन्स्टाग्रामवरची ‘रील’ यांचंही तसंच, तिथे तर ळ आणि ल इतका उच्चारही वेगळा झाला. मला हे फार मोलाचं वाटतं. परका शब्द मराठी जशाच्या तसा ठेवून घेत नाही, कामाप्रमाणे त्याला आपल्या व्याकरणात बसवते.

ईमेलसाठी घडवलेल्या मराठी प्रतिशब्दांना ही अडचण नाही. ‘विरोप’ निरोपावरून, म्हणून तो. ‘विपत्र’ पत्रावरून, म्हणून ते.

लिहिताना मी स्वतः ‘ईमेल आला, ईमेल आले’ असं लिहितो, ते अनेकवचनामुळे. लिंक, साइट, फाइल हे शब्द स्त्रीलिंगी रुळल्यामुळे लिंका, साइटी, फायली अशी अनेकवचनं सहज तोंडात येतात. ‘ईमेली’ किंवा ‘ईमेला’ मी कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. तरी बाबांची ‘आली’ दुरुस्त करू नका. एका मजकुरात मात्र एकच रूप ठेवा. वर ‘ईमेल मिळाला’ आणि खाली ‘ती ईमेल वाचून’ असं झालं की वाचणारा अडखळतो.